हवालदारांचं सभागृह

पाटी : रविराजभाऊंनी तोंडी म्हणून दाखवलेली

"शूरवीर, समाजभूषण, माजी सैनिक हवालदार बहिरू दगडू विधाते सांस्कृतिक सभागृह!" रविराजभाऊंनी एका दमात म्हटलं आणि चहाचा घोट घेतला. "काय काकू? आहे की नाही दणक्यात?"

ओट्यावर बसलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. ठमाबाईच्या मांडीवर झेंडूची अर्धी माळ होती. तिने सुई थांबवली नाही.

"दणक्यात हाये. आणि दुसऱ्या बिल्डिंगला काय नाव?"

"दुसरी कोणती?"

"ती हो. बाजाराच्या मागची. पांढऱ्या फरशीची."

भाऊंना ठसका लागला. सून सुवर्णा पाणी आणायला आत धावली. मुलगा ज्ञानेश "आई!" एवढंच म्हणाला, आणि ते त्याने असं म्हटलं, की दारातून डोकावणारी नात वेदिका आल्या पावली मागे गेली.

"काकू, तो संडास आहे," भाऊ डोळे पुसत म्हणाले.

"मग मी कुठं देऊळ म्हणले?"

ठमाबाईचा नवरा, बहिरू हवालदार, जाऊन दोन वर्षं होत आली होती. विधाते मळा आता शहराच्या वॉर्डात मोडत होता, आणि वॉर्डात यंदा एकदम दोन कामं उभी राहिली होती. पाटाच्या रस्त्यावर मोठा हॉल, आणि त्याच रस्त्याने पुढे, फुलबाजाराच्या मागे, बायकांसाठी संडास आणि बसायला एक खोली. रविराजभाऊ वॉर्डाचे नगरसेवक. हॉलला हवालदारांचं नाव द्यायचं त्यांनीच सुचवलं होतं, आणि घरच्यांचा होकार घ्यायला ते स्वतः आले होते. पेढे घेऊन.

"काकू, माणसाचं नाव संडासाला देतात का कुठं? उद्या लोक मलाच शिव्या घालतील. म्हणतील, सैनिकाचा अपमान केला."

"ज्यानं तो बांधाय लावला, त्याचं नाव दिलं तर अपमान कसा होतो?"

"आई, नंतर बोलू आपण," ज्ञानेश म्हणाला.

भाऊ चपला घालता घालता थांबले. "घाई नाही. पण या आठवड्यात सांगा. नाहीतर लोक काय, आमच्या वडिलांचं, आण्णांचंही नाव सुचवताहेत. मी नाहीच म्हणतोय हां. पण लोक ऐकत नाहीत."

"लोक म्हंजी कोण?" ठमाबाईने भोळेपणाने विचारलं.

"आहेत. आहेत बरेच," भाऊ म्हणाले आणि पेढ्यांचा बॉक्स तिथेच विसरून गेले. की ठेवून गेले. वेदिकाने तो उघडेपर्यंत हा प्रश्न सुटला नाही, आणि नंतर उरला नाही.

पाटी : शाळेच्या भिंतीवर, खडूने लिहिलेली, फार जुनी

*ज्ञान्याचा बाप खड्डे हवालदार*

बहिरू खडकीला सॅपर म्हणून भरती झाला. सॅपर म्हणजे फौजेचे रस्ते करणारे, पूल टाकणारे, खणणारे. पेन्शनवर घरी आला तेव्हा मळ्यातली पोरं त्याच्याभोवती गोळा झाली आणि लढाईच्या गोष्टी मागू लागली.

"तात्या, लढाईत किती मारले?"

"मारले कुठं रे? मी खड्डे खणले. लय खणले. राजस्थानला वाळूत खणले, तिकडं वर बर्फात खणले."

"कशाचे? सुरुंगाचे?"

"संडासाचे."

पोरं उठून गोट्या खेळायला गेली. पण बहिरूला त्यात हसण्यासारखं काही वाटत नसे. फौजेचा नियमच तो. तळ पडला की आधी खड्डा, मग चूल. "माणूस उपाशी दोन दिवस लढंल," तो सांगायचा, "पण पोट बिघडलं तर दोन तास नाय लढणार."

हा नियम त्याने वर्दीसारखा ट्रंकेत ठेवून दिला नाही. मळ्यात लग्न असो, सप्ता असो, की खंडोबाची जत्रा असो, मांडवाचे खांब यायच्या आधी बहिरू हजर. खांद्यावर फावडं, काखेत गोणपाटाची गुंडाळी. वाऱ्याची दिशा बघायची, विहिरीपासूनचं अंतर बघायचं, बांधाच्या पलीकडे खड्डा घ्यायचा. भोवती चार बांबू, गोणपाट, आत राखेचा ढीग आणि पाण्याचा डबा. हे सगळं बायकांसाठी. पुरुषांना तो म्हणायचा, "तुम्हाला अख्खा नाशिक जिल्हा मोकळा हाये."

आणि काम झालं की तो निघून जात नसे. गोणपाटापासून बराच लांब, तिकडे पाठ करून, हातात काठी घेऊन उभा राहायचा. पहाऱ्यावरच्या शिपायासारखा. अक्षता पडेपर्यंत. त्यामुळे सुनांना रात्र व्हायची वाट बघावी लागत नसे, आणि म्हाताऱ्या जत्रेला यायला लागल्या. "जरा हवालदाराकडं जाऊन येते," असं बाया एकमेकींना सांगत, आणि कुठे ते सगळ्यांना कळे.

त्याने बाकीही पुष्कळ केलं. जवानांच्या विधवांची पेन्शन त्याने भांडून सुरू करून दिली, पाटाच्या पाण्याच्या पाळ्यांवरून होणाऱ्या मारामाऱ्या मिटवल्या, मळ्यातल्या पोरींना शहरातल्या कॉलेजात पोचवलं. पण माणसाचं नाव कशावरून पडतं ते त्याच्या हातात नसतं. नाव खड्ड्यांवरूनच पडलं.

ज्ञानेश तिसरीत होता तेव्हा शाळेच्या भिंतीवर ते खडूने लिहिलं गेलं. कोणी, ते कधी कळलं नाही. ज्ञानेशने ते शर्टाच्या बाहीने पुसून काढलं आणि घरी आला. उजवी बाही कोपरापर्यंत पांढरी. ठमाबाईला भिंतीवरचं शेजारणीकडून आधीच कळलं होतं. तिने शर्ट धुतला, काही विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. पण त्यानंतर कोणाच्याही लग्नाला बापाबरोबर तो गेला नाही. मागून यायचा, एकटा, जेवणाच्या वेळेला.

पाटी : नसलेली

बाजाराच्या मागे पांढऱ्या फरशीची ती इमारत महिन्याभरापासून तयार होती. दाराला कुलूप होतं, आणि नाव लिहायची जागा कोरी.

तिची गोष्ट एका बाटलीपासून सुरू झाली होती. उतारवयात बहिरू बायकोबरोबर पहाटेच्या टेम्पोने फुलबाजारात यायला लागला. ती फुलं विकायची, तो क्रेट उचलायचा. काही दिवसांनी घरी परतताना त्याने तिच्या पिशवीतली पाण्याची बाटली वर काढली.

"ही भरलेली आणतेस नि भरलेलीच नेतेस. फिरायला आणतेस का हिला?"

"पाणी पिलं तर जायाचं कुठं?" ठमाबाई म्हणाली. हे तिने इतक्या सहज सांगितलं, जसं भाव सांगावा. बाजारातली एकही बाई घरी जाईपर्यंत पाणी पीत नसे. हरसूलकडून करवंदं घेऊन जीपने येणाऱ्या बाया तर आदल्या रात्रीपासून पीत नसत. ठमाबाईला दोनदा मूतखडा झाला होता, आणि डॉक्टर दर वेळी पाणी प्या म्हणून ओरडायचे.

वाळूत खणलं, बर्फात खणलं, आणि स्वतःच्या बायकोची तहान दिसली नाही, हे बहिरूच्या जिवाला फार लागलं.

दुसऱ्या दिवसापासून तो महापालिकेच्या ऑफिसच्या खेपा घालायला लागला. अर्ज, भेटी, पुन्हा अर्ज. उत्तर एकच, बाजारात जागा नाही. तेव्हा एका सकाळी तो छातीवर पदकं लावून आणि खांद्यावर फावडं टाकून निघाला, आणि त्याने ऑफिससमोरच्या हिरवळीवर खणायला सुरुवात केली. मागे डोक्यावर पाट्या घेतलेल्या बाजारातल्या बाया.

"तात्या, काय करताय?" रखवालदार धावत आला.

"साहेब म्हणतात बाजारात जागा नाय. मी म्हणलं, इथं लय हाये."

जागा सापडली. काम मात्र रखडत गेलं. पाया झाला, भिंती कमरेएवढ्या झाल्या. शेवटच्या दिवसांत बहिरू खुर्चीवर बसून गवंड्यांना नाल्याचा उतार दाखवायचा. छत त्याने पाहिलं नाही.

हॉलला नाव द्यायचं ठरतंय, हे ठमाबाईने बाजारात सांगितलं तेव्हाचं बोलणं असं झालं :

चतुराबाई, शेवंती : ठमे, नशीब काढलंस गं! हॉलला नाव म्हंजी केवढं मोठं!

गोजराबाई, मेथी-कोथिंबीर : हॉलमध्ये आपलं काय हाये? वर्साला एक हळदीकुंकू, नि तिथंबी आपल्याला खुर्ची मागं.

चतुराबाई : मग काय ह्याला द्यायचं व्हय नाव? संडासाला?

गोजराबाई : का? हवालदार कधी लाजला का संडासाला? तुझ्या लग्नात गोणपाट कुणी बांधलं होतं?

चतुराबाई : माझ्या लग्नाचं काढू नको. (हसते.) लय वारा होता त्या दिवशी. ह्यो बिचारा पाठ करून उभा, नि मागं हात करून बांबू धरलेला.

गोजराबाई : तेच म्हणते. पण ते उघडणार कधी? ए केरू! कुलूप कवा काढतो?

केरू, वॉचमन : उद्घाटन नाय झालं अजून, मावशी. पाहुणा मिळंना.

गोजराबाई : मिळंल कसा? संडासाची फीत कापतानाचा फोटो कोण छापून घेईल पेपरात? आण ती फीत, मी कापते. माझ्या इळ्यानं.

ठमाबाई, झेंडू : गोजरे, पहिली जुडी काप. गिऱ्हाईक उभं हाये.

पाटी : ज्ञानेशच्या मनातली

*हवालदार बहिरू दगडू विधाते सभागृह*

एवढंच. मोठ्या अक्षरात. शूरवीर नको, समाजभूषण नको. ज्ञानेश अंबडला एका कंपनीत सुपरवायझर होता आणि त्याला पसारा आवडत नसे.

रविवारी दुपारी मायलेक झेंडूच्या वाफ्यात होते. तो मदत करायला आलाय असं तो म्हणाला. पण फुलं तोडता तोडता तो कळ्याही तोडत होता, तेव्हा ठमाबाईने ओळखलं.

"बोल काय बोलायचं ते. कळ्यांनी काय केलंय?"

"आई, कंपनीतले लोक येणार आहेत कार्यक्रमाला. साहेबसुद्धा. मी सांगितलंय त्यांना, माझे वडील मिलिटरीत होते."

"होतेच की."

"काय करत होते ते नाही सांगितलं."

ठमाबाईने टोपली खाली ठेवली. "लाज वाटती त्यांची?"

"त्यांची नाही." त्याने आणखी एक कळी तोडली. "हसण्याची वाटते. तुला माहिती नाही, शाळेत मला काय म्हणायचे. आता तू त्या संडासावर त्यांचं नाव लावशील, आणि लोक पुन्हा हसतील. येता-जाता, रोज. आई, एकदा त्यांचं नाव अशा ठिकाणी बघू दे ना, जिथं मी माझ्या माणसांना घेऊन जाईन."

सत्तेचाळीस वर्षांचा बाप्या. कानावरचे केस पांढरे झालेले. पण ठमाबाईला त्याची उजवी बाही दिसली, कोपरापर्यंत पांढरी.

हवालदार असता तर काय म्हणाला असता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण हवालदार नव्हता, आणि पोरगं समोर होतं.

"लाव हॉलला," ती म्हणाली.

"खरंच?"

"आता काय लिहून देऊ? लाव. फक्त मला खुर्ची पंख्याखाली दे. नि कळ्या तोडू नको."

संध्याकाळी वेदिका तिच्यापाशी येऊन बसली. "आजी, तू हरलीस?"

"तुझ्या बापापुढं? मी तर तो रांगत होता तवापासून हरते," ठमाबाई म्हणाली. पण त्या रात्री तिने जेवणात मीठ दोनदा घातलं, आणि सगळ्यांनी ते तसंच जेवून घेतलं.

पाटी : संगमरवरी, टेबलावर उभी, वर मखमली पडदा

हॉलच्या दर्शनी भिंतीचा गिलावा ओला होता, म्हणून कोनशिला भिंतीत बसवली नव्हती. ती टेबलावर उभी करून मागून दोन विटा लावल्या होत्या. बाकी सगळं मात्र झकास होतं. दारात ठमाबाईच्याच झेंडूचं तोरण. पंचवटीचा बँड, लाल कोट घालून. पुढे सोफे, मागे खुर्च्या. बाजारातल्या बाया नवी लुगडी-साड्या नेसून पहिल्या दोन ओळींत, कारण ज्ञानेशने त्यांना स्वतः आणून तिथे बसवलं होतं. गोजराबाई भाजी आटपून थेट आली होती, टोपलीसकट. प्रत्येकीच्या हातात पाण्याची सीलबंद बाटली.

पाहुण्या म्हणून पुण्याहून प्रतिभाताई आल्या होत्या. फौजेच्या दवाखान्यात नर्स म्हणून आयुष्य काढलेल्या, निवृत्त लेफ्टनंट कर्नल. पांढरे आखूड केस, ताठ पाठ. वाटेत कुठेतरी ट्रक उलटला होता, त्यामुळे त्या सकाळपासून गाडीतच होत्या, आणि उतरल्या त्या थेट स्टेजवर.

रविराजभाऊंनी माइक धरला तो सोडेनात. "...आणि त्या रणधुमाळीत आमचे तात्या शत्रूवर वाघासारखे तुटून पडले!"

ठमाबाईने पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, डोळे भरून आले. शेजारच्या चतुराबाईला मात्र खरं काय ते माहीत होतं, आणि तिचेही खांदे हलत होते.

तेवढ्यात प्रतिभाताईंनी सुवर्णाला जवळ बोलावून कानात काहीतरी विचारलं. सुवर्णा हसून हॉलच्या मागच्या बाजूला गेली. परत आली तेव्हा तिचं हसणं मागेच राहिलं होतं. ती ज्ञानेशच्या कानाशी लागली, पण कुजबुज ठमाबाईलाही ऐकू आली.

"अहो, संडासात नुसत्या सिमेंटच्या गोण्या भरल्यात. भांड्यांवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. नळच नाही जोडला. मॅडमना कुठं नेऊ?"

ज्ञानेशने भाऊंकडे पाहिलं. भाऊ आता शत्रूचे रणगाडे मोजत होते. मग त्याने पुरुषांच्या बाजूला पाहिलं. तिथल्या खुर्च्या एकेक करून रिकाम्या होत होत्या आणि भिंतीमागे जाऊन आलेले पुन्हा बसत होते, निवांत. मग त्याने बायकांकडे पाहिलं. एकही उठली नव्हती. ऊन चढलेलं, पंखा फिरतोय न फिरतोय, आणि दोन्ही ओळींत मांडीवर बाटल्या. सगळ्या बंद.

तो ठमाबाईपाशी आला आणि गुडघ्यांवर बसला.

"आई, पाणी का नाही प्यायलीस?"

"नंतर पिते."

हे तिने मुद्दाम म्हटलं नाही. ती असंच म्हणायची. बाजारातून आल्यावर, लग्नात, प्रवासात, दवाखान्यातसुद्धा. त्याने जन्मभर ऐकलेलं होतं ते. पण या वेळी तो उठला नाही. तिच्या हातातल्या बाटलीकडे बघत बसला, जणू त्या बाटलीवर काही लिहिलंय. मग त्याने तिच्या गुडघ्यावर हात टेकवला आणि उभा राहिला.

तो स्टेजवर गेला आणि त्याने भाऊंच्या हातातून माइक घेतला. हिसकावला नाही, पण मागितलाही नाही.

"एक सूचना आहे," तो म्हणाला. "या हॉलमध्ये महिलांची सोय अजून झालेली नाही. बाजाराच्या मागे झालेली आहे. माझ्या वडिलांनी केलेली आहे. ते सॅपर होते. त्यांनी शत्रूवर हल्ला वगैरे केला नाही, त्यांनी... त्यांनी संडास बांधले. आयुष्यभर. तर सगळ्या महिलांनी माझ्याबरोबर चलावं."

मग मागच्या ओळीत कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि ते हसणं खुर्च्यांवरून खुर्च्यांवर पसरत पुढे आलं. कंपनीचे साहेब हसले. बँडवाला हसला.

ठमाबाई खुर्चीचा हात धरून ज्ञानेशकडे बघत राहिली. तो माइक धरून उभा होता, आणि ते हसणं थेट त्याच्यापर्यंत आलं होतं, ज्याला तो तिसरीपासून भीत होता ते.

आणि ज्ञानेशही हसला. आधी जरासा, मग मोठ्याने, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"हसा हो," तो माइकमध्ये म्हणाला, "पण वाट द्या!"

पुढे जे झालं ते कोणी ठरवलं नव्हतं. पहिल्या दोन ओळी उठल्या. त्यांच्यामागे बाकीच्या उठल्या. प्रतिभाताई स्टेजवरून उतरल्या त्या सगळ्यांच्या पुढे, लष्करी पावलं टाकत. बँडवाल्यांना वाटलं कार्यक्रम संपून मिरवणूक निघाली, त्यांनी वाजवायला सुरुवात केली. आणि ज्ञानेशने मखमली पडदा बाजूला करून कोनशिलेला मिठी मारली.

"केरू! फुलांची हातगाडी आण!"

"अरे, अरे! दगड कुठं चालवला?" रविराजभाऊ धावत आले.

"जिथला आहे तिथं."

"वेडा झालास का? त्याच्यावर सभागृह लिहिलंय!"

"मग चुकलं काय?" टोपली डोक्यावर घेत गोजराबाई म्हणाली. "सभा तिथंच तर भरणार हाये, भाऊ. रोज भरणार. तुमच्या हॉलमध्ये भरंल का रोज?"

"आणि हॉलला काय नाव देऊ मी आता?"

"आण्णांचं द्या," ठमाबाई जाता जाता म्हणाली. "लोक केवढे मागं लागलेत तुमच्या."

भाऊ जागच्या जागी थांबले. त्यांनी नकार द्यायला तोंड उघडलं होतं, ते हळूहळू मिटलं. पुढच्या वळणावर ते हातगाडीला मागून हात लावताना दिसले.

पाटी : लागलेली

दाराला फीत नव्हती. केरूने कुठल्याशा क्रेटची पिवळी सुतळी आडवी बांधली. कात्रीही नव्हती. गोजराबाईने टोपलीतून विळा काढून प्रतिभाताईंच्या हातात दिला.

"दोन शब्द बोला, मॅडम," सवयीने रविराजभाऊ म्हणाले.

"नंतर!" प्रतिभाताई म्हणाल्या. सुतळी तुटली, कुलूप निघालं, आणि बँड एवढ्या जोरात वाजला की पाटाकडेचे बगळे उडाले.

पांढरी फरशी, भरलेली टाकी, खोलीत भिंतीला लागून बसायला बाक. बाया आत गेल्या त्या हसत, बाहेर आल्या त्या जास्त हसत. कोणी तोंडावर पाणी मारून आली, कोणी बाकावर पाय वर घेऊन बसली आणि उठेना. हरसूलच्या दोघीजणी नळ उघडून बघत होत्या, बंद करत होत्या, पुन्हा उघडत होत्या. आत सभा भरली होती. चतुराबाई आपल्या लग्नातला वारा आता सगळ्यांना सांगत होती.

प्रतिभाताई बाहेर आल्या तेव्हा कोनशिला भिंतीला टेकवून ठेवलेली होती. त्यांनी ती वाचली.

"सॅपर होते म्हणालात ना?" त्यांनी ठमाबाईला विचारलं. "मग बरोबर आहे. आधी खड्डा."

"मग चूल," ठमाबाई म्हणाली, आणि दोघी एकमेकींकडे बघून अशा हसल्या जशा जुन्या मैत्रिणी असाव्यात.

गवंडी दुसऱ्या दिवशी आला आणि त्याने ती कोनशिला आहे तशीच दरवाजावर बसवली. *सभागृह* हा शब्द काढून टाकायचं कोणाच्या मनात आलं नाही.

पण त्या दुपारी ती अजून भिंतीला टेकलेली होती. ठमाबाई सर्वांत शेवटी आत गेली. बाहेर येऊन पायरीवर बसली, आणि तिने बाटलीचं सील तोडलं. अर्धी बाटली ती एका दमात प्यायली. दम घेतला. मग उरलेलं पाणी सावकाश प्यायली, तळाच्या थेंबापर्यंत, बाजाराच्या मधोमध, भर दुपारी.

पाहुणे गेले होते. साहेब हस्तांदोलन करून गेले होते. ज्ञानेश मात्र गेला नव्हता. तो दारापासून बराच लांब, रस्त्याकडे तोंड करून आणि इकडे पाठ करून उभा होता, हात मागे बांधून. त्याला कोणी उभं केलं नव्हतं. मानेवर घाम, आणि दगड उचलताना नव्या शर्टाच्या उजव्या बाहीला लागलेली संगमरवराची पांढरी भुकटी, कोपरापर्यंत.

ठमाबाई त्याच्याजवळ गेली. बाही झटकायला तिने हात पुढे केला, आणि मागे घेतला.

मग रिकामी बाटली भरून घ्यायला ती पुन्हा नळाकडे गेली.